कासियानचा माग

बर्फातला माग कुणी पाडला ते ओळखता येत नाही, असं शहरातून आलेल्या चौकशीसाहेबानं तोंड वर करून सांगितलं होतं, आणि त्याला बुर्गल सात वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होती. अहो, ओळखता येत नाही काय? आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून माणूस डोंगर चढायला लागला की मागे दोन रेघा राहतात. कुणाच्या रेघा उभ्या, कुणाच्या आडव्या. कुणी वळताना बर्फाचा नुसता चिवडा करून ठेवतो, कुणी मागून येणाऱ्याला वळायला जागा ठेवतो. बुर्गलचा नवरा कासियान, त्याचा माग म्हणजे गाडीरस्ता. त्याचा डावा गुडघा पोरवयातच निखळलेला, उभा चढ त्याला झेपायचा नाही. म्हणून लांबच लांब सपाट रेघ, आणि प्रत्येक वळणावर दोन माणसं उभी राहतील एवढा ओटा. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, कासियानच्या मागावरून दुधाची भरलेली किटली न्यावी, थेंब सांडायचा नाही.

आणि रोमेदचा माग? शिडी. नाकासमोर उभा. पाहुण्यांना धाप लागली की हा वर उभा राहून काठीवर रेलून हसायचा. कासियान आणि रोमेद दोघेही वाटाडे, एका गल्लीत वाढलेले, एकाच वर्षी वाटाड्याचा बिल्ला मिळालेला. दोघांचे माग शेजारी शेजारी दिसले, तर कुठला कुणाचा हे बुर्गल खिडकीतून भांडी घासता घासता सांगायची.

सात वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, हे दोघे दोन पाहुण्यांना घेऊन पाळण्यावर गेले. पाळणा म्हणजे गावामागच्या खिंडीखालचा खोलगट उतार. लांबून दिसतो गोजिरवाणा, म्हणून कुणा शहाण्यानं हे नाव ठेवलं. त्या दिवशी तो अख्खा उतार सुटला. कासियान दोन मीटर खाली गाडला गेला आणि त्याला उकरून काढेपर्यंत सगळं संपलं होतं. चौकशीत रोमेदनं सांगितलं, "पुढे कासियान होता. माग त्यानंच पाडला. मी नको नको म्हणत होतो." आता मेलेला माणूस काय उठून बोलणार? पाहुणे मागे धुक्यात राहिले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं.

बुर्गल हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो घेऊन साहेबाकडे गेली. सुटलेल्या उताराच्या काठाला मागाचा एक तुकडा उरला होता, शिडीसारखा उभा. "साहेब, हा माझ्या नवऱ्याचा माग नाही. त्याच्या गुडघ्यानं हे होणारच नाही," ती म्हणाली. साहेब हसला. म्हणाला, "बाई, मागाखाली सही नसते."

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित तिनं दात-ओठ खाऊन गिळलंही असतं. पण आमच्याकडे डोंगरात कुणी गेलं की वाटेवर खांब रोवून, त्याला छोटंसं छप्पर करून, रंगवलेली पाटी लावतात. कोण होता, कधी गेला, कसा गेला, सगळं तीवर असतं. येणारा-जाणारा वाचतो, टोपी काढतो. या पाट्या रंगवायचं काम खोऱ्यात बुर्गलच करते, तिच्या आईपासून चालत आलेलं. आणि कासियानची पाटी? ती रोमेदनं परगावाहून रंगवून आणली आणि तिला न विचारता ठोकून मोकळा झाला. तीवर लिहिलं होतं: 'इथे वाटाड्या कासियान आपल्याच मागावर विसंबून गेला. देव त्याची चूक पदरात घेवो. मित्र रोमेद.'

चूक! मित्र! बुर्गलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या वेळी सगळं गाव रोमेदच्या बाजूनं होतं. किती मन मोठं म्हणून त्याचं कौतुक चाललं होतं. कासियानची आई फिलोमेना दर रविवारी काठी टेकत तिथवर जायची, मेणबत्ती लावायची, पाटी वाचायची आणि घरी येऊन सुनेला एकच विचारायची, "बुर्गल, माझा पोरगा इतका मूर्ख होता का गं?"

"नव्हता हो, आई."

"मग पाटीवर का तसं लिहिलंय?"

गेल्या शरदात म्हातारी गेली. शेवटच्या आठवड्यातही तिनं तेच विचारलं. तिला मातीत ठेवून परतताना बुर्गलनं ठरवलं की या माणसाला आता सोडायचं नाही. माझ्या माणसाला मागावरून मारलास, तू पण मागावरूनच मर.

बुर्गलनं घाई केली नाही. हिमस्खलनाचा इशारा रोज संध्याकाळी येतो, एक ते पाच आकड्यांत. चार-पाचला लोक घरात बसतात. माणसं मरतात ती तीनला, कारण तीन म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला कळतं सगळं. ती त्या तीनची वाट पाहत होती. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, जुना बर्फ आतून सुटा झाला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीस सेंटिमीटर नवा पडला, वर दोन दिवस वारा. मंगळवारी इशारा आला: बावीसशे मीटरच्या वर, वाऱ्याआडच्या उतारांवर, तीन. पाळणा नेमका वाऱ्याआडचा.

बुधवारी रोमेद एकटा वर जातो, हे सगळ्या गावाला माहीत. गुरुवारी पाहुण्यांना पाळण्यावरून खिंडीत न्यायचं म्हणून आदल्या दिवशी वाट बघून यायची, हा त्याचा नेम. आणि आता तो अठ्ठावन्नचा झाला होता. गुडघाभर बर्फात नवा माग पाडायचा म्हणजे घाम निघतो. कुणी आधी जाऊन आयता माग पाडलेला असला की तो हरखायचा. त्याचं तोंडपाठ वाक्यच होतं: "माग आहे म्हणजे उतार धरतोय." म्हणजे कुणी आधी गेलंय, तर बर्फ सुटणार नाही.

बुधवारी पहाटे बुर्गल निघाली. पाळण्याच्या डाव्या अंगाला एक रुंद सोंड आहे, ती सुरक्षित. तिनं सोंडेवरून माग पाडायला घेतला, आणि स्वतःसारखा नाही पाडला. कासियानसारखा पाडला. लांबच लांब, सपाट. प्रत्येक वळणावर थांबून पायानं थापटून ओटा केला. वीस वर्षं त्याच्या मागे चालली होती ती, पावलांना पाठ होतं. मधेच तिला रडू फुटलं. नाक पुसून ती स्वतःलाच म्हणाली, "रडतेस काय, भवाने? काम कर."

सोंडेच्या टोकाशी पाळण्याचा काठ येतो. तिथे तिनं फावड्यानं हातभर खणून पाहिलं. वर घट्ट, जाड थर, आणि त्याखाली साखरेसारखे सुटे दाणे. फावडं टेकवून तीन चापट्या मारल्या तर वरचा थर पाटासारखा सरकून तिच्या मांडीवर आला. तिनं खड्डा बुजवला. काठापासून दहा पावलांवर उतारात खडकाचं एक नाकाड आहे. तिथवर वारा बर्फ राहू देत नाही, वीतभर असतो, खाली दगड. तेवढी दहा पावलं ती आडवी गेली आणि नाकाडामागे वळली. काठावर उभं राहणाऱ्याला वाटावं, माग नाकाडाला वळसा घालून पलीकडे खिंडीत गेलाय. पलीकडे काहीच नव्हतं. पलीकडे वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ फुगून बसला होता. नाकाड ओलांडून दोन पावलं गेला की खेळ खलास.

मग तिनं स्की काढून पाठीला बांधल्या, खडक धरत दोन पुरुष उंच चढली, कपारीत बसली आणि थर्मासमधला चहा प्यायली. सात वर्षांत तिला इतकं शांत वाटलं नव्हतं.

दहाच्या सुमारास खाली हालचाल दिसली. तिनं दुर्बीण लावली. एक लाल टोपी, रोमेदची. तिच्या मागे दुसरी टोपी. तिसरी. सहा माणसं होती.

"मेल्या, आज बुधवार ना रे!" ती पुटपुटली. हवामान चांगलं म्हणून त्यानं बेत एक दिवस अलीकडे ओढला होता, वाट न बघताच पाहुणे घेऊन आला होता. बुर्गलनं टोप्या पुन्हा मोजल्या. मग तिनं हिशेब मांडला, लाज वाटावी असला. वाटाड्या नेहमी पहिला जातो. पाहुणे काठावर थांबतात. एकेक करून जायचं, हा नियम. म्हणजे मरेल तो एकटाच. ती उठली नाही. हो, नाहीच उठली. पुढे ती स्वतःच हे सगळ्यांना सांगायची, लपवलं नाही.

सहाजण काठाशी आले. थंड हवेत आवाज नीट ऐकू येत होते. पाहुण्यांमध्ये वीबके नावाची हॅम्बुर्गची एक बाई होती, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "रोमेद, हा माग कुणी पाडलाय? चार दिवस तू आम्हाला शिडीवरून चढवलंस, आणि हा बघ कसा, बाबागाडी ढकलत येता येईल!"

बाकीचे हसले. रोमेद हसला नाही. तो शेवटच्या वळणावरच्या ओट्यावर उभा होता आणि पायाखाली बघत होता.

"हा कासियानचा माग आहे," तो म्हणाला.

"कोण कासियान? खालच्या पाटीवरचा? अरे, तो मेलाय ना?"

"हो. म्हणजे... हा ओटा बघ. असा दुसरा कुणी करत नाही. तीस वर्षं बघितलाय मी हा हात, अंधारातही ओळखेन."

वर कपारीत बुर्गलनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. ओळखतो म्हणे! चौकशीत यानंही साहेबाच्या सुरात छातीठोक सांगितलं होतं, माग सगळे सारखेच.

"तुला भूतबित दिसतंय की काय?" एक दाढीवाला पाहुणा म्हणाला. "थंडी वाजतेय रे. पुढे जायचंय की मागे फिरायचं?"

मागे फिरायचं का, असं कुणी एकानं जरी विचारलं तरी सगळ्यांनी फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही. कासियान हे सकाळीच सगळ्यांना बजावायचा. रोमेदनं त्या प्रश्नाकडे लक्षही दिलं नाही. तो नाकाडाकडे बघत होता. त्याचा पाय पुढे पडत नव्हता. आणि मग तो म्हणाला, "वीबके, तू हलकी आहेस. तू हो पुढे. नाकाड ओलांडलंस की हाक मार, मग मी येतो."

"मी? वाटाड्या तू की मी?"

"अगं, माग आहे ना समोर. माग आहे म्हणजे उतार धरतोय. एवढी चार दिवस जीभ चालवतेस, आता घाबरलीस?"

बुर्गल ताडकन उठली. एका क्षणात तिला सगळं दिसलं, सात वर्षं जे फोटोत शोधत होती ते. असंच केलं असणार यानं. असाच उभा राहिला असणार काठावर, आणि माझ्या माणसाला म्हणाला असणार, तू हलका आहेस, घाबरलास का. वीबकेनं चिडून स्की पुढे सरकवली होती.

"एक पाऊल टाकू नकोस!" बुर्गल किंचाळली. "मागे हो! सगळे मागे, सोंडेवर व्हा!"

सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. रोमेदनं डोळ्यांवर हात धरला. "कोण? बुर्गल? तू वर काय करतेस? काही नाही, पाहुण्यांनो, ही आमच्या गावातली..."

"गावातली काय? वेडी? म्हण ना! सोंडेवर जा आधी, मग दाखवते वेड."

वीबके पहिली मागे सरली. ती सरली म्हणून बाकीचे सरले, आणि शेवटी रोमेद. खाली दरीत कुणी नाही, हे बुर्गलनं पुन्हा एकदा दुर्बिणीतून पाहिलं. मग कपारीतला एक धोंडा दोन्ही पायांनी रेटून तिनं नाकाडापलीकडच्या फुगीर बर्फावर सोडला.

धोंडा बर्फात रुतला. एक क्षण काहीच झालं नाही. मग दबका आवाज आला, धप्प, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा, आणि नाकाडापासून खिंडीपर्यंत एक काळी रेघ पळत गेली. अख्खा पाळणा हलला, तुकडे झाले आणि खाली गेला. गडगडाट बराच वेळ चालला. धुरळा बसला तेव्हा उताराच्या जागी उघडं गवत आणि दगड होते. दाढीवाला मटकन खाली बसला. वीबके आपल्या स्कीच्या टोकांकडे बघत राहिली.

बुर्गल खडक उतरून त्यांच्यापाशी आली. रोमेद पांढराफटक पडला होता. ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"हा माग मी पाडला," ती म्हणाली. "तुझ्यासाठी पाडला. तू एकटा येशील असं वाटलं होतं. नाकाडापुढे काहीच नव्हतं, रोमेद. तू मरावास म्हणून बसले होते मी वर."

"ऐकलंत?" रोमेद ओरडला. "ऐकलंत सगळ्यांनी? ही खुनी आहे!"

"हो, आहे. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. आत्ता काय म्हणालास? कासियानचा हात अंधारातही ओळखशील. मग त्या फोटोतला माग कुणाच्या हातचा होता?"

रोमेद काठीनं बर्फ टोकरायला लागला.

"सांग ना," वीबके म्हणाली. "आत्ता माझ्या जिवावर उठला होतास, मला तरी ऐकू दे."

तो खाली बसला, त्याच ओट्यावर, आणि हातमोजे काढून हातात पिळत राहिला. "माझा," तो म्हणाला. "मी नाकाडापर्यंत जाऊन आलो. कासियान म्हणाला, परत फिरू या, पायाखाली बर्फ बोलतोय, धप्प करतोय. मी म्हटलं, माग पडलाय, धरतोय. तो हलेना. मी म्हटलं, पाहुणे आले की सांगतो, गुडघ्याबरोबर याची हिंमतही गेली. तू हलका आहेस, जा पुढे. मग गेला तो."

"आणि तू?"

"मी इथेच उभा होतो."

बुर्गलनं हात उगारला. मारला नाही. वीबकेकडे वळून म्हणाली, "ताई, तक्रार करायची तर आमच्या दोघांची करा. मी वेळेवर ओरडले नाही. तो मरेल म्हणून गप्प बसले होते."

"दोघांचीच करणार आहे," वीबके म्हणाली. "तुमच्या दोघांच्या भांडणात मी फुकट मेले असते. लाज वाटू द्या जरा." आणि तिनं बर्फाखाली गाडलेला सापडावा म्हणून छातीवर बांधतात ती एकेकाची शोधयंत्रं स्वतः तपासली, जे सकाळी रोमेदनं केलं नव्हतं, आणि सगळ्यांना कासियानच्या मागावरून खाली नेलं. बुर्गल सगळ्यांत पुढे, रोमेद सगळ्यांत मागे.

वीबकेनं तक्रार केली, आणि बरं केलं. रोमेदचा बिल्ला गेला. बुर्गलला उन्हाळ्यात न्यायाधीशापुढे उभं राहावं लागणार आहे. ती म्हणते, राहीन. पण बिल्ला गेल्यावरच्या पहिल्या रविवारी ती रोमेदच्या दारात गेली आणि म्हणाली, "चल." तो मुकाट्यानं गेला. वाटेवरच्या पाटीवर तिनं आदल्या दिवशीच पांढरा हात मारून ठेवला होता. तिनं त्याच्या हातात कुंचला दिला.

"तूच लिही," रोमेद म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं आहे."

"नाही. तुझाच हात हवा. पुढच्या साहेबानं म्हणू नये, सही नाही म्हणून."

त्यानं लिहिलं. अक्षरं सगळी उभी, वर वर चढत गेलेली. 'वाटाड्या कासियान परत फिरू म्हणाला होता. माग मी पाडला आणि त्याला पुढे पाठवलं.' खाली नाव. बुर्गलनं दोनदा वाचलं, सासूला ऐकू जावं तसं मोठ्यानं, आणि मग मेणबत्ती लावली.

रोमेद कुंचला हातात धरून तसाच उभा होता. गाव त्याच्याशी बोलायचं बंद झालं होतं. खानावळीत तो आला की गप्पा थांबायच्या. तो म्हणाला, "बुर्गल, त्या दिवशी मलाच पुढे जाऊ द्यायचं होतंस. एकदाचं सुटलो असतो."

"तेच तर," बुर्गल कुंचला पुसत म्हणाली. "मेला असतास तर तुझीही पाटी रंगवावी लागली असती मला. आणि मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं लागतं."